नाव बदललं, तरी बाई ओळखू आली

प्रश्न : ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवरचा माझा शोधनिबंध एका नियतकालिकात आला. नावं बदलली होती. तरी परिशिष्टातल्या तक्त्यावरून गावात एका बाईंना ओळखलं. त्या म्हणतात, "माझं काढून टाका." संपादक म्हणतात, संशोधनाला कायद्यातून सूट आहे. खरं काय?
– एक प्राध्यापिका, बीड

उत्तर : संपादकांचं म्हणणं अर्धं खरं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, कलम १७ मध्ये, संशोधनाला सूट आहे, सरसकट नाही. त्या माहितीवरून त्याच व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांतली मानकं पाळायची, या अटींवर. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांचा मोठा भाग १८ महिन्यांनी लागू होतो, पण गावातली कुजबुज काही तोवर थांबत नाही. आणि कामापुरतीच माहिती वापरा, हे त्या मानकांतच आहे.

तुम्ही पाठवलेला तक्ता पाहिला. गाव, वय, मुलं, टोळीचा मुकादम, शस्त्रक्रियेचं साल. एकेकटा रकाना निरुपद्रवी. पण लहान गावात हे पाच जुळले की बाई कोण, हे पारावर बसलेला कुणीही सांगेल. मुकादमाचं नाव तुमच्या निष्कर्षाला कुठे लागलं? मला तरी दिसलं नाही. गावाऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट एवढ्यानं भागलं असतं.

निबंध मागे घ्यायची गरज नाही. संमती मागे घेता येते, पण त्याआधी झालेलं काम त्यामुळे बेकायदा ठरत नाही. छापील अंक परत येणार नाहीत. ऑनलाइन पीडीएफमधलं परिशिष्ट मात्र बदलून घ्या, तुमच्या विद्यापीठाच्या संग्रहातली प्रतही. तारखेसह शुद्धिपत्र द्यावं लागेल. त्यात 'ओळ क्रमांक सातमधील माहिती वगळली' असं कृपा करून लिहू नका. जुनी प्रत कुणाकडे तरी असतेच. सगळा तक्ताच ढोबळ करा.

मूळ एक्सेल फाइल मोबाइल नंबरांसकट संपादकांना पाठवली होती, असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. मला तेच जास्त खटकलं. ती त्यांच्या मेलमधून आणि परीक्षकांकडून काढायला सांगा, लेखी.

जाता जाता : लेखकाच्या अर्जासोबत संपादकांनी तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागितली म्हणता. मानधन देणार असतील तर पॅन समजू शकतो. आधार कशाला, हे विचारा. ओळख पटवायला ऑर्किड (ORCID) हा संशोधकांचा ओळख क्रमांक आणि विद्यापीठाचा ईमेल पुरतो.