आईला स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. ती वाचेल का, हे कशावर ठरतं?

तुम्ही लिहिलंय की आई 52 वर्षांची, गाव बीड जिल्ह्यात केजजवळ, स्टेज दुसरी, आणि भावकी म्हणते "आता कशाला पैसा घालता". भावकीचं ऐकू नका. दुसऱ्या स्टेजला डॉक्टर उपचार करतात ते आजार पूर्ण बरा करायच्या इराद्यानेच.

मी डॉक्टर नाही, मराठवाड्यातल्या एका कॅन्सर रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते. इंटरनेटवर तुम्हाला भारताचा 66 टक्के आणि अमेरिकेचा 90 टक्के असा, पाच वर्षं जगण्याचा आकडा दिसेल. त्याने घाबरू नका. त्यात सगळ्या स्टेजच्या बायका एकत्र धरल्यात. आपल्याकडे गाठ दुखत नाही म्हणून कितीतरी जणी घरात बोलतच नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येतात, त्यामुळे तो आकडा खाली जातो.

स्टेजइतकाच महत्त्वाचा कॅन्सरचा प्रकार. बायोप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर्टू या तपासण्या होतात. ईआर-पीआरवरून कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर वाढतो का ते कळतं, हर्टूवरून त्या नावाचं प्रथिन पेशींवर जास्त आहे का ते. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात. हर्टू पॉझिटिव्हला वेगळं इंजेक्शन आहे. तिन्ही निगेटिव्ह असेल तर आजार जास्त आक्रमक असतो आणि मुख्य भिस्त केमोवर राहते. काखेतल्या किती गाठींत कॅन्सर पोचलाय, हेही बघतात. "सुई लावली की पसरतो" हे गावोगाव ऐकू येतं, ते खोटं आहे. तपासणीच न करता गाठ कापून फेकून देणं मात्र खरंच घातक.

आता जे मला रोज दिसतं ते सांगते. उपचार अर्धवट सुटतात. केमो साधारण दर 21 दिवसांनी असते, शेकाची, म्हणजे रेडिएशनची फेरी आठवड्याचे पाच दिवस, सलग काही आठवडे. केजहून रोज एसटीने ये-जा जमत नाही, दोन केमो झाल्यावर केस गेले की बाई घरात कोंडून घेते, आणि दसरा झाला की ऊसतोडीला कोयता निघतो. टोळीबरोबर गेलेली बाई गुढीपाडव्याच्या सुमारास परत येते, तोवर गाठ पुन्हा वाढलेली असते. ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, असं समजणारे तर घरोघरी आहेत. हार्मोनची गोळी किमान पाच वर्षं रोज घ्यायची असते. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी घेतल्याने मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं, पण बरं वाटतंय म्हणून ती दुसऱ्याच वर्षी बंद होते.

पैशासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहेच, आणि केजकडून बरेच जण बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात. शेकाच्या काळात जवळ राहायची सोय आधीच विचारून ठेवा. केमोनंतर ताप आला तर गावात गोळी देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

ईआर, पीआर, हर्टूचा रिपोर्ट आला का? आला असेल तर त्यात काय आहे ते इथेच लिहा, आईची पाळी बंद झालीय का तेही. गोळी कोणती द्यायची हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील, पण त्यांना काय काय विचारायचं ते मी सांगू शकेन.