इंदूरमध्ये आईसाठी नर्सिंग केअर होम बघतोय, केअर खरंच चांगली आहे हे कसं ओळखायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात, आई इंदूरला लोकमान्य नगरात, पॅरालिसिसमध्ये उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं, आणि आता घरी बाई ठेवून भागत नाहीये. मी इथे इंदूरलाच अशा एका ठिकाणी सिस्टर आहे, नर्सिंगचा जीएनएम कोर्स केलाय, आधी हॉस्पिटलला होते, आता बहुतेक नाइट ड्यूटी असते. म्हणून मी जे सांगतेय ते रात्रीच्या बाजूनं सांगतेय, कारण माझं स्पष्ट मत आहे की केअर होम बघायचं तर रात्रीचं बघा.

दिवसा सगळेच असतात हो. मॅनेजर असतात, फिजिओ येतात, डॉक्टर राउंड घेतात, नातेवाइकांची ये-जा असते, फरशी चकाचक. रात्री आठनंतर एक सिस्टर आणि जे असतील ते अटेंडंट, बस. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की रात्री अटेंडंट किती आणि पूर्ण अंथरुणावरचे पेशंट किती. बेडसोर, म्हणजे पडून पडून कातडीला होणारी जखम, होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते, आणि नुसतं ढकलून होत नाही, चादर धरून दोघांनी उचलून वळवावं लागतं, ओढलं की कातडी सोलवटते, मग डायपर बघा, उशा लावा, एका पेशंटला दहा मिनिटं कुठेच गेली नाहीत. आता समजा असे पंधरा पेशंट आहेत आणि रात्री एकच जोडी आहे, तर झाली ना दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास, आणि राउंड दोन तासांचा! मुली कितीही मायाळू असू देत, हे बसतच नाही. मग काय होतं, कूस बदलल्याच्या वेळांचा चार्ट मात्र भरलेला असतो. तो चार्ट बघायला मागा, बारा, दोन, चार, सहा सगळ्या वेळा एकाच पेननं एकाच झटक्यात लिहिल्यासारख्या दिसल्या तर समजून जा. आणि "आमच्याकडे एअर मॅट्रेस आहे" या उत्तरावर खूश होऊ नका, एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते.

आईचा माकडहाडाचा भाग, टाचा आणि खुबे, हे भेटायला गेलं की दर वेळी उघडून बघायचं, लाजायचं नाही. लालसर डाग बोटानं दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं. टाचेखाली उशी नको, उशी पोटरीखाली हवी म्हणजे टाच अधांतरी राहते.

तुमच्या आईच्या बाबतीत अजून दोन गोष्टी आहेत ज्या मी स्वतः सगळ्यात आधी बघेन. एक, बेल डाव्या हाताशी आहे का. उजवा हात चालत नाही, हाक नीट मारता येत नाही, आणि बेल उजवीकडे टांगलेली, म्हणजे ती बाई रात्रभर ओल्यात पडून राहणार, हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय आणि आजही आठवलं की राग येतो. दुसरं, खुर्चीत बसवताना अटेंडंट कुठे धरते ते बघा. उजव्या हाताला किंवा काखेत धरून ओढत असेल तर तिला कोणी शिकवलेलंच नाही, लुळ्या बाजूचा खांदा असा निखळतो आणि मग कायमचा दुखत राहतो.

जेवणाच्या वेळी मुद्दाम जा. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर बऱ्याचदा गिळायला त्रास असतो, आणि आपल्या इंदूरला सकाळ झाली की सगळ्यांना पोहे, वरून शेव, ते सुटं सुटं घशात अडकतं. पाणी प्यायल्यावर खोकला येतो का, आवाज घरघरीत होतो का, तसं असेल तर पातळ पदार्थही छातीत जाऊ शकतात आणि न्यूमोनिया होतो, गिळण्याची तपासणी आधी करून घ्या. भरवताना सरळ बसवलेलं हवं, नंतरही अर्धा तास तसंच, घास डाव्या बाजूनं. असं भरवायला अर्धा तास लागतो, पाच मिनिटांत ताट परत येत असेल तर आई जेवलेली नाहीये.

पाण्याचं तर मला फारच वाटतं. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी कळते, मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर, आणि काही ठिकाणी पाणीच कमी देतात कारण मग डायपर कमी बदलावे लागतात. लघवी गडद झाली, मग इन्फेक्शन, आणि एक दिवस माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतं, घरच्यांना वाटतं वयामुळे डोकं गेलं. असं एका-दोन दिवसांत झालं तर आधी लघवी तपासा, झोपेची गोळी नको. तसंही दुपारी चारला सगळा हॉल गाढ झोपलेला दिसला तर औषधांची यादी मागा. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, म्हाताऱ्या पेशंटना शांत करायला जी औषधं देतात त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं २००५ मध्येच दिलाय.

बाकी दिवस कसा जातो तेही विचारा. अंथरुणावरच्या पेशंटलाही रोज खुर्चीत बसवायला हवं, स्वतःचे कपडे, चष्मा, कवळी, कंगवा. एक कागद लिहून द्या, आंघोळ कधी लागते, चहा कसा, संध्याकाळी देवापाशी दिवा लावायची सवय. हे नव्या मुलीला कोण सांगणार? आमच्याकडे धार, झाबुआ, खरगोनच्या मुली येतात, बारा-बारा तासांची ड्यूटी, पगार कमी, म्हणून टिकत नाहीत. सगळ्यात जुनी अटेंडंट किती वर्षं आहे हे विचारा, मला त्या एका उत्तरावरून बरंच कळतं.

पैशांचं थोडक्यात, सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर, महिन्याची फी त्यातून निघत नाही. डायपर, फिजिओ, अ‍ॅम्ब्युलन्स फीमध्ये आहे का ते लेखी घ्या. काही गैर वाटलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

तुम्ही लांब आहात, तर व्हिडिओ कॉल रोज एकाच वेळी करू नका, आणि इथला कोणी नातेवाईक न सांगता जाऊन येईल असं बघा. आणि भरती करताना त्याच दिवशी सिस्टरसमोर आईची पूर्ण कातडी बघून, तारखेसकट फोटो काढून दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर पुढे जखम दिसली की "ही घरूनच आणली होती" म्हणतात.