वाचकांचे प्रश्न : कपड्यांतली आपली खूण

चारचौघांत उठून दिसायची हौस नाही. पण अंगावरचे कपडे माझे वाटावेत, कुणाचं तरी पाहून घेतलेले नव्हेत. सुरुवात कुठून करू?

कपाटातून. सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवा. घातलेला कपडा धुऊन परत ठेवताना हँगर सरळ करा. सहा आठवड्यांनी सरळ हँगरवरचे कपडे पलंगावर पसरा आणि रंग सोडून बाकीचं बघा : गळा कसा आहे, बाही कुठे संपते, कापड अंगावर लोळतं की ताठ राहतं. एखादी गोष्ट बहुधा पुन्हापुन्हा दिसेल. बंद गळा म्हणा, कोपरापर्यंतची बाही म्हणा, बारीक चौकडी म्हणा. पुढच्या खरेदीत ती एकच पक्की धरा. एकदम चार खुणा ठरवल्या की कपडे नाटकातल्या वेशासारखे दिसू लागतात.

साध्या शर्टाची नुसती बटणं बदलून फरक पडतो का?

पडतो, आणि नेमकं काय बदललंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. आमच्या मते ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित युक्ती.

शर्टाचं बटण साधारण 11 मिलिमीटरचं असतं. नवं घेताना व्यास तोच ठेवा, पण जाडीही बघा. काज बटणाच्या व्यासात जाडी मिळवून केलेलं असतं. त्यामुळे करवंटीचं जाड बटण त्याच मापाचं असूनही अडतं आणि ओढाताणीत काजाचे टाके सुटतात. शिंपल्याचं बटण पातळ असतं, ते सहज जातं.

लावताना बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीतली काडी धरा. दुहेरी दोऱ्याने छिद्रांच्या प्रत्येक जोडीत तीन-तीन टाके घाला, काडी काढा, मग बटणाखालच्या दोऱ्याला तीन-चार वेढे देऊन मागे गाठ मारा. हे वेढे चुकवू नका. बटण कापडाला चिकटून बसलं, तर काजाच्या पट्टीला खाली जागा उरत नाही आणि तिथे चुणी पडते. वेगळ्या रंगाचा दोरा वापरायचा मोह झाला तर कफांपुरता ठेवा. करवंटीची बटणं असलेला शर्ट तासन्‌तास भिजत घालू नका, ती फुगतात.

आवडता रेडीमेड शर्ट मापाचा नाही. अल्टर करून घ्यावा का?

आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर हवी. एखादा सेंटिमीटर उतरली तर खपून जातं. तीन सेंटिमीटर उतरली तर बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोलाकार काप, नव्याने कापावा लागतो, आणि तेवढा खटाटोप क्वचितच सार्थकी लागतो. (मुद्दाम उतरत्या खांद्याचा शर्ट वेगळा, त्याचा मुंढाच तसा बेतलेला असतो.) बाहीची लांबी आणि कमरेचा घेर मात्र बिनधास्त कमी करा.

सैल करायचा असेल तर आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड, किती आहे ते मोजा. बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या अशा प्रत्येक पदराला 2 सेंटिमीटर माया असली, तर 1 ठेवून दोन्ही बाजू मिळून घेर 4 सेंटिमीटर वाढतो. पण उसवल्यावर जुन्या टिपेची भोकं आणि न विटलेला पट्टा बाहेर येतो, गडद रंगावर जास्तच. बरेचदा धुतलेला काळा शर्ट म्हणूनच सैल करायला देऊ नये.