हिरवा की काळा, पाच पट्ट्या की एक दांडा?

प्रश्न : धाकट्या भावाने आणि मी मिळून १९५१ची शेवरोले ३१०० पिकअप घेतली. इंजिनाचं काम झालं, गंजलेला पत्रा कापून नवे तुकडे जोडून झाले. आता रंगावर घोडं अडलंय. मला मूळचा हिरवा हवा. त्याला आरशासारखा काळा हवा आणि पुढे चकचकीत क्रोमची ग्रिल (तोंडावरची जाळी), तीसुद्धा १९५४च्या गाडीची. मला पाच पट्ट्यांची जुनीच आवडते. महिनाभर वाद झाला, आता अबोला आहे. तुम्हीच निकाल द्या.

उत्तर : ताई, निकाल देतो, पण हे उत्तर भावालाही वाचायला द्या.

लोक आधी रंग ठरवतात आणि मग त्याला शोभेल अशी ग्रिल शोधत बसतात. मी उलट करतो. या गाडीचा चेहरा म्हणजे ग्रिल, आणि तिचे दोन प्रकार आहेत. १९४७ ते १९५३पर्यंत पाच आडव्या पट्ट्या होत्या. १९५४ला त्या गेल्या आणि जाड आडवा दांडा आला. त्याच वर्षी पुढची काचही अखंड झाली. तुमच्या गाडीची काच दोन तुकड्यांची असणार, मधोमध उभी पट्टी. वर १९५१ची काच आणि खाली १९५४चं तोंड लावलं, तर ओळखणारा माणूस दहा पावलांवरून ओळखतो. असं करू नये असा काही नियम नाही. पण मग ती आवड म्हणून करा, ‘जुनी गाडी जशीच्या तशी उभी केली’ असं मात्र सांगू नका.

क्रोमबद्दल भावाला एक सांगा. कोरियाचं युद्ध १९५० ते १९५३ चाललं. क्रोमखाली लागणारं निकेल तिकडे वळलं आणि त्या काळातल्या पिकअपवर क्रोमऐवजी रंगवलेले भाग येऊ लागले. म्हणजे रंगवलेली ग्रिल ही तुमच्या गाडीच्या काळालाच धरून आहे. माझं मत विचाराल तर बाहेरच्या पट्ट्या गाडीच्याच रंगात, त्यांच्यामागच्या आतल्या पट्ट्या फिक्या क्रीममध्ये. पट्ट्यांमध्ये खोली दिसते, गाडी हसल्यासारखी वाटते. सगळंच क्रोम केलं की नजर तिथेच अडकते, आणि मागच्या त्या गोलगरगरीत मडगार्डांकडे कुणी बघत नाही.

आता रंग. या मालिकेच्या गाड्यांवर फॉरेस्टर ग्रीन हा कंपनीचा नेहमीचा रंग होता, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता आहे. पण अंदाजावर डबा मागवू नका. तुमच्या गाडीत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे. ती काढा आणि मागचा पत्रा पाहा. तिथे ऊन पोचलेलं नसतं आणि पुन्हा रंगवणारे लोकही सहसा तिथे पोचत नाहीत. एका रुपयाएवढ्या जागेवर बारीक वॉटर पेपर पाणी लावून गोल गोल फिरवा, कडेला हलका हात, मध्ये जास्त. एकात एक वर्तुळं दिसायला लागतील, झाडाच्या बुंध्यासारखी. अगदी मध्ये उघडा पत्रा, त्याभोवती प्रायमर, आणि प्रायमरला चिकटून जे कडं दिसेल तो कारखान्यातला रंग. बाकी सगळी नंतरच्या मालकांची हौस. (मला एकदा सात कडी मिळाली होती, त्यातलं एक गुलाबी.)

रंग मिळाला की कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. एका पिकअपसाठी ट्यूबलाइटखाली कार्ड बघून क्रीम निवडला, सगळी गाडी रंगवली, सकाळी बाहेर काढली तर कस्टर्ड. मालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. पुन्हा घासून रंगवली, पदरच्या खर्चाने. तेव्हापासून टाकाऊ बॉनेट किंवा जुना दरवाजा घेतो, सपाट पत्रा नव्हे, आणि त्यावर पूर्ण हात मारतो. वाकलेल्या पत्र्यावर एकच रंग वर उजळ आणि खाली गडद दिसतो, आणि या गाडीत सरळ पत्रा आहेच कुठे? तो तुकडा सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला बाहेर ठेवून बघा. आतली क्रीमही त्याच्याशेजारी ठेवा.

काळ्याला माझा विरोध सौंदर्यामुळे नाही, मेहनतीमुळे आहे. चमकदार काळा म्हणजे आरसा, आणि आरसा चुगलखोर असतो. लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या पत्र्यावर हाताला न लागणारी लाटसुद्धा काळ्यात दिसते. तुम्ही नवे तुकडे जोडलेत. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा थोडा तरी ओढलेला असतोच. हिरव्यात ते खपून जाईल. काळ्यात प्रत्येक जोड लांब ठोकळ्याने पुन्हा पुन्हा घासावा लागेल. भावाची तेवढी तयारी असेल तर त्याने आधी एक मडगार्ड करून दाखवावं.

रंगावर मारलेल्या पारदर्शक लॅकरचा जाड काचेसारखा थरही या गाड्यांना परका वाटतो. एकाच थरात रंग आणि चमक देणारा साधा प्रकार घ्या. ओरखडा आला तर घासून पॉलिश करता येतो. पण हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) असलेला रंग मारताना साधा कापडी मास्क पुरत नाही. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचं नडतं. बाहेरची हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम व्यावसायिक बूथवर द्या. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

तर निकाल : हिरवी गाडी, पाच पट्ट्या. चाकं काळी करा आणि ती भावाला रंगवू द्या.

प्रश्न : जुन्या ग्रिलच्या क्रोमवर टाचणीएवढे खड्डे पडलेत. पुन्हा क्रोम करू की बाजारात मिळणारी नवी प्रत घेऊ?

उत्तर : क्रोम खड्डा भरत नाही. त्याचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरी चमक त्याखालच्या निकेलची. आधी जुना मुलामा उतरवून, खड्डे घासून किंवा तांब्याचा थर चढवून पत्रा सपाट करावा लागतो. दर सांगताना हे काम धरलंय का, ते विचारून घ्या. खड्डे खोल असतील तर प्रायमर-लांबी करून रंगवा, स्वस्तात सुटाल.

नवी प्रत घेतलीत तर रंगाच्या आधी गाडीवर लावून बघा. मी एकदा ती पेटीतून थेट रंगलेल्या गाडीवर लावायला गेलो. दोन भोकं बोटाच्या पेराएवढी बाजूला. ओढूनताणून बोल्ट घातले, बॉनेट लावलं, आणि वरच्या पट्टीने बॉनेटच्या ओठाचा रंग पत्र्यापर्यंत सोलला. आता आधी सगळं जोडतो, बॉनेट दहा वेळा उघडझाप करतो, फटी सारख्या आल्या की भोकं जुळवतो, मग सगळं सुटं करून रंगवतो.