बूट निघाला त्या दिवसाबद्दल

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री अकराला वाचला. ‘मॅडम, माझं नशीबच फुटकं.’ फोन केला असता तर तू मध्येच रडली असतीस आणि मी मध्येच चिडले असते, म्हणून सकाळी चहा घेऊन लिहायला बसले आहे.

पाच हजार मीटरच्या शर्यतीत सातव्या फेरीला मागच्या मुलीचा पाय तुझ्या टाचेवर पडला, बूट निघाला आणि तू ट्रॅकच्या आत उतरून उभी राहिलीस. साडेपाच फेऱ्या बाकी होत्या. बूट निघणं ही तुझी चूक नाही. मला बोलायचंय ते तुझ्या उभं राहण्याबद्दल, आणि त्यासाठी तुला एका इटालियन बाईची गोष्ट सांगणार आहे. बर्फावरची आहे, पण नाक मुरडू नकोस.

२००६ च्या फेब्रुवारीत तूरिनच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन मी मध्यरात्र उलटून गेली तरी टीव्हीवर बघत होते. शेवटी मशाल आली ती एका ठेंगण्या, काटक बाईच्या हातात. तिने ज्योत पेटवली. ती स्तेफानिया बेल्मोंदो. इटलीच्या पिएमोंतेमधल्या कुनेओ भागातल्या विनादिओची, डोंगरातली. क्रॉस-कंट्री स्कीइंग हा तिचा खेळ. उतारावरून सुसाट खाली येण्याचा तो प्रकार नाही. यात चढही स्वतःच्या दमावर चढायचे असतात, मैलोन्मैल. आपल्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा सख्खा भाऊच म्हण.

आता ९ फेब्रुवारी २००२. सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक, सोल्जर हॉलो नावाची जागा, बायकांची १५ किलोमीटर फ्रीस्टाइल. त्या ऑलिंपिकचं पहिलं सुवर्णपदक तिथेच ठरायचं होतं. सगळ्या एकदम सुटल्या होत्या, म्हणजे तुमच्यासारखीच धक्काबुक्की, फक्त पायात लांबलचक स्की. दहा किलोमीटर उलटून गेल्यावर बेल्मोंदोची काठी मोडली.

काठी मोडणं म्हणजे काय ते नीट समजून घे. फ्रीस्टाइलमध्ये स्केटिंगसारखे पाय बाजूला फेकतात आणि दोन्ही काठ्या रोवून अंग पुढे ढकलतात. चढावर खांदे नसतील तर पाय एकटे पुरत नाहीत. एक काठी गेली की एका बाजूचा जोर गेला आणि लयही गेली. तुझ्या एका बुटापेक्षा हे पुष्कळ जास्त आहे. ती काही शे मीटर तशीच रेटत राहिली, पुढचा घोळका निसटला, एकेक जण तिला मागे टाकत गेली. मग नवी काठी हातात आली. उरलेल्या अंतरात तिने एकेकीला गाठलं आणि शेवटी रशियाच्या लारिसा लाझुतिनाच्या १.८ सेकंद आधी रेषा ओलांडली. वेळ ३९ मिनिटं ५४.४ सेकंद. तेव्हा ती ३३ वर्षांची होती.

ही गोष्ट सांगणारे इथे थांबतात आणि जिद्द, जिद्द म्हणून टाळ्या घेतात. मला ते पटत नाही. नुसत्या जिद्दीने कुणी भरून काढत नाही तेवढं अंतर. ते भरून निघतं साठवलेल्या दमावर. जिद्दीचा उपयोग झाला तो मधल्या काही शे मीटरपुरता, नवी काठी मिळेल की नाही हे माहीत नसताना स्की चालू ठेवण्यापुरता. तू तेवढंच केलं नाहीस. बूट परत घालायला किती लागतात? पंधरा सेकंद? शर्यत गेलीच असती. पण तुझी वेळ नोंदली गेली असती आणि मला बघायला काहीतरी मिळालं असतं.

नशिबाचं म्हणशील तर माझंही ऐक. कॉलेजात असताना एका शर्यतीत पंचांनी फेऱ्या मोजण्यात घोळ घातला आणि आम्हाला एक फेरी जास्त पळवलं. वीस वर्षं मी ती कहाणी सांगत फिरले. त्या दिवशी मी तशीही सहावीच होते, हे सांगायचं मात्र टाळायचे.

बेल्मोंदोला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं ते १९९२ मध्ये, आल्बेरव्हीलला, ३० किलोमीटरमध्ये. या खेळात ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली इटालियन बाई. दुसरं मिळालं ते थेट २००२ मध्ये, हे काठीचं. मधली दहा वर्षं बघ. १९९७ ला ट्रॉन्हाइमच्या जागतिक स्पर्धेत तिची काठी मोडली नाही, पाय घसरला नाही, तरी चार शर्यतींत चार रौप्यपदकं. चारही वेळा पुढे एकच बाई, रशियाची येलेना व्याल्बे. त्यातली एक शर्यत तर फोटो बघून ठरवावी लागली. सगळं सुरळीत असतानाचं हरणं काठी मोडून हरण्यापेक्षा जड जात असणार, कारण तिथे बोट दाखवायला काही नसतं.

आणि नशीब उलटंही फिरतं. २००२ मध्येच १० किलोमीटरला ती चौथी आली होती. पुढे रशियाच्या ओल्गा दानिलोव्हाचं पदक उत्तेजक द्रव्यांमुळे काढून घेतलं गेलं आणि हिच्याकडे कांस्य आलं. दहा ऑलिंपिक पदकं मोजताना त्यातलं हे एक. पण चौथी तरी आली, कारण शर्यत पूर्ण केली होती.

आता खरं कारण, ज्यासाठी पत्र लिहितेय. १९९३ मध्ये बेल्मोंदोने दोन जागतिक सुवर्णं जिंकली आणि त्याच वर्षी तिच्या पायाच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती बिघडली, पुन्हा करावी लागली. तरी १९९४ ला लिलेहामरच्या ऑलिंपिकला ती उतरली आणि दोन कांस्यपदकं घेऊन आली. त्याच वेळी तिच्याच संघातली मानुएला दी चेंता पाचही शर्यतींत पदकं घेत होती; मनाला काय वाटलं असेल ते तूच विचार कर. लोक या दोन कांस्यांचं कौतुक करतात. मी दुसरी तारीख बघते. तिचं पुढचं जागतिक सुवर्ण आलं १९९९ मध्ये. सहा वर्षं, पोरी.

तुझा बूट निघाला सातव्या फेरीला. पण चौथ्या फेरीपासून तुझं डावं पाऊल बाहेर वळत होतं. मी स्टॉपवॉच सोडून तेच बघत होते. नडगी दुखतेय ना? केव्हापासून? आईला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस, आणि बूट निघाला तेव्हा थांबायला निमित्त मिळालं. चुकत असेन तर सांग, मला आनंदच होईल.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे, साडेदहाची. तोपर्यंत पळायचं नाही, टेकडीवर तर मुळीच नाही. आईला घेऊन ये, आणि ते बूट पिशवीत घालून आण. अर्धा नंबर मोठे घेतले आहेस असा मला संशय आहे.

तुझी,
मॅडम