व्हिडिओ पाहून निदान होतं का?

प्रश्न : डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलपटू मैदानात कोसळतानाचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरतोय. खाली ‘कोविड लशीचा परिणाम’ असं लिहिलंय. खरं आहे का?

उत्तर : मलाही तो आला, तोही मेव्हण्याकडून! घटना २ जानेवारी २०२३ची, सिनसिनाटीतल्या सामन्यातली. प्रतिस्पर्ध्याला अडवताना हॅमलिनच्या छातीवर जोरात दणका बसला. तो उठला, दोन पावलं टाकली आणि मागे कोलमडला. तो हॉस्पिटलात पोचेपर्यंत लोकांचं निदान करून झालंही होतं. खरं कारण हॅमलिननेच एप्रिलमध्ये सांगितलं : कोमोशिओ कॉर्डिस. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात सेकंदाच्या एक-दोन शतांशाएवढा नाजूक क्षण असतो. नेमका तेव्हाच छातीवर फटका बसला, तर धडधाकट हृदयही नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही. क्रिकेटच्या चेंडूनेही हे होऊ शकतं. हॅमलिन त्याच वर्षी पुन्हा खेळला.

प्रश्न : पण डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन मैदानात कोसळला, त्याला तर कुणी धडकलं नव्हतं.

उत्तर : बरोबर. १२ जून २०२१ला कोपनहेगनमध्ये तो थ्रो-इनचा चेंडू घ्यायला गेला आणि पडला. तेव्हाही लशीचंच नाव पुढे आलं. त्याच्या तेव्हाच्या इंटर मिलान क्लबचे संचालक मारोत्ता यांनी स्पष्ट केलं, त्याने लस घेतलेलीच नव्हती.

प्रश्न : आपल्याकडेही तरुण मुलं लग्नात नाचताना पडतात. त्याचं काय?

उत्तर : आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयातले ७२९ अचानक मृत्यू तपासले. लशीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो घरात असा मृत्यू आधी झालेला असणं, कोविडमुळे हॉस्पिटलात राहावं लागलेलं असणं, आदल्या ४८ तासांतली बेसुमार दारू किंवा नशा, अतिश्रम यांत.

प्रश्न : पडलेल्याला झटके आले तर फिट समजून कांदा हुंगवावा का?

उत्तर : कांदा भाजीत घाला. फिटमध्येही त्याचा उपयोग नाही. हृदय बंद पडल्यावरही सुरुवातीला हातपाय झटकतात, माणूस आचके देतो. लोकांना वाटतं श्वास चालू आहे. हाकेला ओ नाही आणि श्वास धड नाही, तर एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबायला लागावं : मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हॅमलिनसाठी संघाच्या वैद्यकीय पथकातल्या डेनी केलिंग्टनने हेच केलं. बरगडी कडकन मोडली तरी थांबू नका, ती नंतर सांधते.