मोठं कबुतर जमिनीवरचंच असतं असं नाही

प्रिय मुली,

टोंगोइनास बर्लेयी या नामशेष झालेल्या मोठ्या कबुतरावर प्रबंधिका लिहायची ठरवलीस, फार बरं वाटलं. पण तुझ्या आराखड्यातलं एक वाक्य आधी खोड: ‘आकाराने मोठं, म्हणून न उडणारं.’ न उडणारं मोठं कबुतर म्हणजे डोडो, तो मनात इतका पक्का बसलेला असतो की ही घाई हमखास होते.

पक्ष्यांच्या जीवाश्मांचे अभ्यासक डेव्हिड स्टेडमन यांना प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाच्या एउआ बेटावरच्या गुहेत 1988 मध्ये याची हाडं मिळाली. ऊना ताकानो यांच्यासह त्यांनी 2020 मध्ये वर्णन प्रसिद्ध केलं. शेपूट सोडून लांबी सुमारे 51 सेंमी, वजन आपल्या पारव्याच्या निदान पाचपट. तरीही हे कबुतर उडत होतं आणि झाडांच्या शेंड्यांवर राहत होतं. हे कळलं पायांवरून.

फीमर (मांडीचं हाड), टिबिओटार्सस (त्याखालचं, पोटरीचं) आणि टार्सोमेटाटार्सस, पायाची ही तिन्ही हाडं नीट ओळखायला शीक. पक्ष्याचा मागे वाकलेला ‘गुडघा’ दिसतो तो खरं तर घोटा, आणि त्याच्याखालचं हाड टार्सोमेटाटार्सस. जमिनीवर चालणाऱ्या कबुतरांचे पाय लांब असतात, फांद्यांवर राहणाऱ्यांचे आखूड. म्हणून नुसती लांबी पाहू नकोस. ती पंखाच्या ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) प्रमाणात पाहा.

व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक माप तीनदा घे, 0.1 मिमीपर्यंत. दोन्ही टोकं शाबूत असतील तरच पूर्ण लांबी लिही. तुटलेल्या हाडाची लांबी अंदाजाने भरण्यापेक्षा टोकाची आणि मधल्या दांड्याची रुंदी नोंदव, तीही उपयोगी पडते. टोकं सच्छिद्र, खडबडीत दिसली तर पक्षी पिल्लू होता. त्याला सरासरीत घेतलंस तर सगळं प्रमाण बिघडेल. सुटी हाडं वेगवेगळ्या पक्ष्यांची असतात. त्यामुळे एक फीमर आणि एक ह्यूमरस उचलून गुणोत्तर काढू नकोस. प्रत्येक हाडाची प्रौढांची सरासरी घे आणि शेजारी नगसंख्या लिही.

तुलनेला पारवा एकटा पुरणार नाही. न्यू गिनीचं गौरा कबुतर मोठं, पण जमिनीवर चरणारं. ड्युक्युला कबुतर झाडावरची फळं खाणारं. दोन्ही हवेत. आपला हरियलही फळांवर जगणाराच, पण त्याचा सांगाडा संग्रहालयातच पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 असताना परवानगीशिवाय हाड घरी आणायचं नाही.

आता कालनिश्चिती. टोंगात माणूस सुमारे 2850 वर्षांपूर्वी आला आणि शतक-दोन शतकांत हे कबुतर संपलं. एवढ्या अरुंद कालपट्टीत थोडीशी चूकही निष्कर्ष उलटा करते. रेडिओकार्बनने हाडाचं वय काढायला त्यातलं कोलॅजन हे प्रथिन लागतं, पण उष्ण हवेत ते फारसं टिकत नाही. जे थोडं उरलं असेल त्यावर पॅरालॉइड (हाड मजबूत करायचा राळेचा लेप) लावलंस तर नमुना दूषित होतो. आधी नमुना, मग लेप. कोलॅजन नसेल तर त्याच थरातला कोळसा घ्यावा लागतो, पण खेकड्यांच्या बिळांतून वरचा कोळसा खाली उतरलेला असतो. थराच्या आलेखात बीळ दिसलं तर तिथला नमुना सोडून दे.

सस्नेह आशीर्वाद.